पायाचं ताट

जमलेल्या सगळ्या थोरामोठ्यांना, स्वामीजींना आणि अप्पांच्या घरच्यांना, शरणार्थ. अप्पा फोनवर आधी हेच म्हणायचे, म्हणून मीही म्हटलं.

मला बोलता येत नाही. मैदानावर ओरडता येतं, बोलता येत नाही. काल अप्पांचे चिरंजीव वैजनाथदादा म्हणाले, "स्नेहल, तू दोन शब्द बोल, अप्पांना बरं वाटंल." मी हाव म्हणून बसले. आत्ता या ओट्याच्या दोन पायऱ्या चढायच्या आधी मी थांबले, ते तुम्ही पाहिलं असेल. रडू आलं म्हणून नाही थांबले. पायऱ्या मोजत होते. ही सवयच लागलीय. कुठंही गेलं की आधी पायऱ्या बघायच्या, मग माणसं. चढताना चांगला पाय पुढं, उतरताना ऑपरेशनचा. अप्पांनाही हीच सवय होती. पाहुण्याच्या घरी गेले तर राम राम घालायच्या आधी उंबरा किती उंच आहे ते बघायचे.

तुमच्यातल्या पुष्कळांना वाटत असेल, ही पोरगी कोण? मी नात्यातली नाही. अप्पांच्या गल्लीतली नाही, समाजातलीही नाही. मोंढ्याजवळच्या त्यांच्या भांड्याच्या दुकानातून मी कधी चमचासुद्धा घेतला नव्हता. मी खो-खो खेळते. खेळत होते म्हणू की खेळते म्हणू, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

गेल्या वर्षी नांदेडला मॅच होती. मी पाठलाग करत होते. खांबाला वळसा घातला, पाय जमिनीत रुतला आणि मी वळले. आवाज आला. टक्. वाळलेली काटकी मोडावी तसा. चौकोनात बसलेल्या आमच्या पोरीलाही तो ऐकू गेला, तिनं तोंडावर हात ठेवला. दुखलं किती ते मी आता विसरले. खरंच विसरले. तो आवाज विसरले नाही.

लिगामेंट तुटलं होतं. लातूरला ऑपरेशन झालं. मांडीतली शीर काढून गुडघ्यात बसवली. मग आठवड्यातून तीनदा व्यायामाला लातूर. तिथं एका खोलीत दोन खाटा होत्या. एका खाटेवर मी होते. दुसऱ्या खाटेवर कपाळाला भस्म लावलेले, धोतर मांडीपर्यंत वर खोचलेले एक आजोबा होते. ते माझ्या पायाकडं बघत होते. मी त्यांच्या पायाकडं बघत होते.

"तुझं काय तुटलंय माय?"

मी सांगितलं, लिगामेंट.

"माझी वाटी बदलली. जिंदगीभर लोकाला वाट्या विकल्या, शेवटाला एक सोताला बसवून घ्यावी लागली."

मी हसले नाही. तेव्हा मला हसायचीसुद्धा भीती वाटायची. हसलं की पाय हलायचा.

आम्ही दोघं अहमदपूरचेच निघालो. पहिले काही दिवस दादांनी आम्हा दोघांना गाडीतून नेलं. नंतर एसटीनं. पुढच्या सीटवर अप्पा आणि मी, मागं माझी आई, मांडीवर डबा.

आमच्या दोघांच्या घरी एकच चूक झाली होती. मायेची चूक. ऑपरेशननंतर पाय लांब केला की दुखतो, म्हणून आईनं माझ्या गुडघ्याखाली उशी ठेवली. मला बरं वाटलं. तीन आठवडे ती उशी तिथंच राहिली. लातूरला व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी पाय बघितला आणि आईला विचारलं, "उशी कुणी ठेवली?"

आई म्हणाली, "मीच. लेकराला बरं वाटतंय."

"बरं वाटतंय म्हणूनच तर पाय सरळ व्हायचा राहिलाय. वाकणं मागून बघू. आधी सरळ होऊ द्या."

शेजारच्या खाटेवरून अप्पा म्हणाले, "आमच्या सूनबाईनं दोन ठेवल्यात. तिची माया लई." वहिनी, तुम्ही रडू नका. अप्पा हे कौतुकानंच सांगायचे. पुढं चारचौघांतही सांगायचे.

मग सुरू झालं टाच ओढणं. बसायचं आणि टाच हळूहळू स्वतःकडं ओढत आणायची, म्हणजे गुडघा वाकतो. दिसायला एवढंच. पण मी टाच वीतभर ओढली की कानात टक् व्हायचं. आवाज यायचाच नाही, मला मात्र ऐकू यायचा. मॅडमसमोर मी रडत रडत करायची. घरी करायचीच नाही. आईला सांगायची, झालं माझं. चादर ओढून भिंतीकडं तोंड करून पडायची.

एक दिवस बसमध्ये अप्पा हळूच म्हणाले, "घरी करत न्हाईस ना?"

मी मागं वळून आईकडं बघितलं.

"म्या बी करत न्हाई," ते म्हणाले. "भ्या वाटतंय."

अहो, सत्तरीतला माणूस! मोंढ्यात ज्याचा आवाज चढला की हमाल हातातलं काम थांबवायचे, तो माणूस खिडकीबाहेर बघत सांगतोय की भ्या वाटतंय. मोठ्या माणसाला भीती वाटते हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणायचे घाबरू नको. "म्या बी घाबरलोय" असं म्हणणारे अप्पा एकटेच.

पुढच्या खेपेला ते पिशवीतून दोन ताटं घेऊन आले. दुकानातली नवी कोरी, सपाट बुडाची. म्हणाले, "खुर्चीवर बसायचं, टाच ताटात ठेवायची आन् ओढायची. फरशीवरनं आपोआप सरकतंय. जोर लागत न्हाई, दचका बसत न्हाई. म्या काल करून बघितलं." मॅडमनी ताट फरशीवर सरकवून बघितलं आणि म्हणाल्या, चालेल. एक ताट त्यांचं, एक माझं.

भांड्याच्या दुकानात नाव कोरायचं मशीन असतं, तुम्हाला माहीतच आहे. लग्नातल्या भांड्यांवर नावं टाकतात तसं अप्पांनी दोन्ही ताटांवर कोरलं होतं: "पायाचं ताट. जेवू नये."

मी ते घरी नेलं तर आईनं कपाळाला हात लावला. आमच्या घरात ताट ओलांडलेलं चालत नाही, आणि ही पोरगी ताटात पाय ठेवणार? आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता परत देऊन ये. मी अप्पांना फोन लावला आणि आईच्या हातात दिला. अप्पा म्हणाले, "ताई, त्यात अजून अन्न पडलं न्हाई ना? मग ते ताट न्हाई, पत्रा हाय. ज्या दिवशी त्यात भाकर पडंल त्या दिवशी मला बोला." आई ऐकलं न ऐकल्यासारखं करून आत गेली. पण माझा व्यायाम झाला की ती ते ताट उचलते, पुसते आणि त्याच्या पाया पडते. आज सकाळीही पडली.

तर असं आमचं चालू झालं. रोज सकाळी अप्पांचा फोन. "शरणार्थ. किती?" म्हणजे गुडघा किती अंश वाकला. मी म्हणायची नव्वद. "माझे पंच्याऐंशी. लबाडी करून राहिलीस तू." मग दुसऱ्या दिवशी ते नव्वद सांगायचे. मॅडमनी मोजलं की दोघांचेही पाच-पाच कमी निघायचे.

अप्पांचं लातूर तीन महिन्यांत संपत आलं. त्यांना चालता येत होतं, जिना चढता येत होता, दुकानात बसता येत होतं. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, जमिनीवर मांडी घालायची नाही, पूजा खुर्चीवर बसून करा. ते तशीच करायचे. तरी ताट सुटलं नव्हतं. मी शेवटच्या खेपेला बसमध्ये विचारलं, "अप्पा, तुम्हाला कुठं खो-खो खेळायचाय? चालता येतंय ना, मग एवढा छळ कशाला?"

चाकूर गाव मागं पडलं तेव्हा अप्पा बोलले.

वैजनाथदादा, हे तुम्ही आज पहिल्यांदा ऐकताय. अप्पांनी मला शपथ घातली नव्हती, म्हणून सांगते. माझं चुकत असलं तर मला माफ करा.

अप्पा म्हणाले, "आमच्यात जाळत न्हाईत माय. बसवतेत. मांडी घालून, डाव्या हातात इष्टलिंग देऊन, समाधीत बसवतेत. माझ्या बापाला म्याच बसवलं. बापाला संधिवात व्हता, पाय वळंना. आंग कडक व्हायच्या आत करावं लागतंय, सगळे घाई करून राहिले. चौघांनी धरलं. म्या गुडघा दाबला."

त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले.

"आवाज आला गं माय. माझ्या हाताखाली आला. तवा म्या तीस वर्साचा व्हतो. अजून कुणी काटकी मोडली तरी मला बाप दिसतो. आता माझ्या पायात लोखंड बसवलंय. उद्या वैजूच्या हाताखाली तसा आवाज आला तर? त्यानं काय करावं? मला बसायचं न्हाई पोरी. मला बसवता आलं पायजे."

मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. मला वाटायचं तो आवाज जगात मला एकटीलाच ऐकू येतो. शेजारच्या सीटवरच्या माणसाला तो चाळीस वर्षं ऐकू येत होता.

त्या दिवशी आमची पैज लागली. अप्पा म्हणाले, "माझं मेल्यावर कळंल. तुझं जितेपणी कळू दे. तुझं काय राह्यलंय?"

माझं राहिलं होतं उकिडवं बसणं. ज्यांना खो-खो माहीत नाही त्यांना सांगते. आठ जणी ओळीनं चौकोनांत उकिडव्या बसतात. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. मागून पाठीवर थाप पडली, खो मिळाला, की तिथून उठून पळायचं. ज्या पोरीला उकिडवं बसता येत नाही तिनं खो-खो बाहेरून बघायचा. पुढच्या काही महिन्यांत मी पळायला लागले, वळायला लागले. मॅडमनी सगळ्या चाचण्या घेतल्या आणि म्हणाल्या, "गुडघा तयार आहे, बस." मी अर्ध्यापर्यंत जायची आणि कानात टक्. उभी. परत अर्ध्यापर्यंत. परत उभी. मॅडम म्हणायच्या, भीती गुडघ्यात नाही. कुठं आहे ते मला माहीत होतं, पण माहीत असून काय उपयोग?

अप्पा रोज विचारायचे, "बसलीस का?" महिनाभर मी नाही म्हणत राहिले. नाही म्हणायची लाज वाटायला लागली. मागच्या महिन्यात एका सकाळी मी म्हणाले, "बसले अप्पा."

मी बसले नव्हते. मी आजपर्यंत बसलेली नाही.

माझ्या आईला हे माहीत नाही, माझ्या कोचना माहीत नाही. कोचना वाटतं मी जपून राहिलेय. अप्पांना मी खोटं सांगितलं आणि त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना पेढे दिले. इथं दुकानातले लोक आहेत, त्यांनी ते खाल्लेत. अप्पा फोनवर म्हणाले, "आता मला कायची फिकीर न्हाई. तुझी नांदेडची मॅच हाय ना, तिथं येतो. पुढच्या रांगेत बसतो. मला उकिडवी बसून दाव." मी म्हटलं, दावते. म्हटलं तोवर बसायला येईल. तोवर वेळ आहे.

वेळ नव्हता. गेल्या आठवड्यात, भर दुपारी, दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या अप्पा गेले. छातीत कळ आली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं.

दादांचा फोन आला तशी मी आले. घरात गडबड होती. अप्पांना भिंतीला टेकवलं होतं, भस्म लावलं होतं. स्वामीजी म्हणाले, आता मांडी घालून घ्या, उशीर नको. मी दारात उभी होते. मेलेल्या माणसाची भीती नव्हती मला. मला आवाजाची भीती होती. मला वाटलं पळून जावं, रस्त्यावर जाऊन कान झाकून उभं राहावं.

अप्पांचा चांगला पाय सहज वळला. मग ऑपरेशनचा पाय. तो अर्ध्यात अडला. दादांनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले.

आणि मी ओरडले. मैदानावर ओरडते तशी. "दादा, गुडघ्यावर नको!"

सगळं घर माझ्याकडं वळून बघायला लागलं. मला वाटलं आता मला हाकलतील. मी आत गेले. अप्पांच्या खाटेखाली हात घातला. ताट तिथंच होतं. कुणीतरी बाई म्हणाली, "अगं, ताट कशाला?" स्वामीजींनी ते माझ्या हातातून घेतलं, त्यावर कोरलेलं वाचलं आणि एक शब्द न बोलता मला परत दिलं. स्वामीजी, तुम्ही त्या वेळी काही बोलला असतात तर मी तिथंच बसकण मारली असती.

मी अप्पांची टाच उचलून ताटात ठेवली. गार होती. दादांना म्हटलं, टाचेमागं हात लावा, गुडघ्याला शिवू नका. हळू. थांबा. दहा मोजा. आता परत. मॅडम आम्हाला सांगायच्या तसंच. आणि माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "टाच ओढा अप्पा."

कुणी हसलं नाही. कुणी रडलंही नाही. सगळ्या घरात फरशीवरून ताट सरकल्याचा तेवढा आवाज. थांबलो. दहा मोजले. परत सरकवलं. सात-आठ वेळा केलं असेल. माझ्या कानात ते टक् वाजत होतं, मी दातावर दात दाबून धरले होते. आणि मग दादांनी ताट बाजूला काढलं, पाय आत घेतला.

मांडी झाली. पुरी नाही, गुडघा चार बोटं वर राहिला. पण मांडी झाली. स्वामीजींनी हातात लिंग दिलं. अप्पा बसले.

दादा, आवाज आला नाही. तुमच्या हाताखाली काही मोडलं नाही. अप्पांनी तुमच्यासाठी रोज सकाळी ताट ओढलं होतं. त्यांच्या वडलांच्या वेळी त्यांना जे झालं ते तुम्हाला झालं नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं, म्हणूनच मी हाव म्हणाले. नाहीतर मी या दोन पायऱ्या चढले नसते.

आता माझं काय ते सांगते आणि थांबते.

पंधरा दिवसांनी नांदेडची मॅच आहे. तेच मैदान, तेच खांब. पुढच्या रांगेत ती टोपी आणि ते भस्म नसणार. सकाळी फोन वाजत नाही तर मी फोनकडं बघत बसते. मला लई भीती वाटतेय. अप्पा असते तर म्हणाले असते, "म्या बी घाबरलोय." आता तसं म्हणणारं कुणी नाही. आणि वरून माझ्या डोक्यावर हे खोटं. त्यांनी पैज पाळली. माझी बाकी आहे.

आपल्याकडं रीत आहे, श्रद्धांजलीला सगळे दोन मिनिटं उभे राहतात. तुम्ही सगळे उभे राहा. मी उभी राहणार नाही. मी इथं, अप्पांच्या फोटोसमोर, उकिडवी बसणार आहे. पूर्ण. पहिल्यांदा.

आई, तू जागची हलू नकोस. पडले तर पडू दे. उठता आलं नाही तरी कुणी हात द्यायला येऊ नका, खेळात कुणी हात देत नाही. आवाज आला तर तो सगळ्यांना ऐकू येईल, मी एकटी नसेन, तेवढं मला पुरेल.

दादा, हा माईक धरा. मला दोन्ही हात मोकळे लागतात.

शरणार्थ, अप्पा. बघा, बसते.